पांडवगड बांधणारा भोज कुठला?

पाऊस सुरू झाला की अर्धं पुणं गडांवर आणि उरलेलं अर्धं त्यांचे फोटो बघत घरी, त्यामुळे ह्या महिन्यात किल्ल्यांचे प्रश्न येणार हे ठरलेलंच असतं. पण या खेपेला एकच नाव पुन्हापुन्हा आलं, राजा भोज. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि ही पत्रं एकत्र घेतलीयेत.

प्रश्न : आम्ही सोसायटीतले काही जण वाईजवळच्या पांडवगडावर गेलो होतो. गडाच्या माहितीत 'हा किल्ला राजा भोज याने बांधला' असं होतं. लेकीने विचारलं सिंहासन बत्तिशीतला तोच का, मी हो म्हणून मोकळा झालो. खाली उतरून मिसळ खाताना एक जण म्हणाला भोज धारचा, तो वाईला कशाला गड बांधेल, दुसरा म्हणाला भोज तर महाभारतात आहे, कुंतीचे वडील. ग्रुपवर वाद अजून चालू आहे. बरोबर कोण?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या ग्रुपमधे खोटं कोणीच बोलत नाहीये, प्रत्येक जण वेगळ्या माणसाबद्दल बोलतोय एवढंच. पेठेतल्या एखाद्या वाड्यात तीन कुलकर्णी असले की पोस्टमन नुसतं आडनाव वाचून पत्र टाकत नाही, पुढचं नाव आणि मजला बघतो, तसं भोजाचं करायला लागतं. कुठल्या घराण्याचा, कुठून राज्य करणारा आणि कुठल्या काळातला, हे तीन प्रश्न आधी.

पांडवगडाच्या माहितीतला भोज हा पन्हाळ्याचा. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज, विजयादित्याचा मुलगा, साधारण ११७५ ते १२१२ हा त्याचा काळ. (पहिला भोजही ह्याच घराण्यातला, अकराव्या शतकाच्या शेवटी होऊन गेला, पण त्याच्या नावावर गड सांगत नाहीत.) वैराटगड, चंदन-वंदन, साताऱ्याचा अजिंक्यतारा, सगळीकडे हाच भोज भेटतो आणि बऱ्याच ठिकाणी ११७८ ते ११९३ अशी सालंही दिलेली असतात. ही सालं इंग्रजांच्या काळातल्या जुन्या नोंदींमधून आलीत आणि त्या नोंदी स्थानिक परंपरेवर बेतलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येक गडावर भोजाचा शिलालेख सापडलाय असं समजू नका. माझं मत विचाराल तर पन्हाळ्याबद्दल निश्चिंत राहा, बाकीच्या गडांसाठी 'परंपरेनुसार' हा शब्द लावा आणि पुढे चला.

पन्हाळ्याबद्दल निश्चिंत का, तर पुरावा दणदणीत आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला, तेच ते कनकादित्याचं देऊळ, तिथे ह्याच भोजाचा शके १११३ चा म्हणजे ११९१ चा ताम्रपट आहे. आजऱ्याला त्याच्या राज्यात सोमदेव नावाच्या जैन पंडिताने १२०५ मधे व्याकरणाचा ग्रंथ पुरा केला आणि त्यात राजाचं नाव घातलं. आणि सगळ्यात भारी पुरावा त्याला हरवणाऱ्याचा. देवगिरीचा यादव राजा सिंघण ह्याने १२१२ च्या सुमारास भोजाला पन्हाळ्यावर गाठून त्याचं राज्यच संपवलं, आणि मग स्वतःला एक लांबलचक बिरुद लावलं ज्यात तो म्हणतो की पन्हाळ्यावर राहणाऱ्या भोज नावाच्या सापाला पळवून लावणारा गरुड मी. आता शिलाहार स्वतः सोन्याच्या गरुडाचं निशाण मिरवायचे, त्यांना गरुडानेच खाल्लं असं लिहायचं म्हणजे सिंघणाच्या दरबारातल्या कवीची जीभ चांगलीच तिखट असणार.

आता धारचा भोज. तो परमार घराण्यातला, माळव्याचा, साधारण १०१० ते १०५५. त्याचं राज्य संपलं त्यानंतर सव्वाशे वर्षांनी पन्हाळ्याचा भोज गादीवर आला, त्यामुळे दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नाही. लेकीला सांगा की सिंहासन सापडलेला भोज तो हा धारचा. गोष्टीत एका टेकाडावर बसलं की साध्या माणसाच्या तोंडून न्यायाची भाषा येते, भोज ते टेकाड खणतो, खाली विक्रमादित्याचं बत्तीस पुतळ्यांचं सिंहासन निघतं आणि तो बसायला गेला की एकेक पुतळी विचारते, विक्रमासारखं काय केलंस तू? माणूस खरा, सिंहासन गोष्टीतलं.

आणि तुमच्या मित्राचं 'तो इकडे कशाला येईल' हे मात्र तितकंसं खरं नाही. धारच्या भोजाचे १०२० सालचे दोन ताम्रपट आहेत, एक बांसवाड्याचा आणि एक इंदूरजवळच्या बेटम्याचा, दोन्हीत कोकण जिंकल्याच्या निमित्ताने दान दिल्याचं लिहिलंय. म्हणजे त्याचं सैन्य कोकणात उतरलं होतं, आणि जिंकलं कोणाला तर उत्तर कोकणच्या शिलाहारांना, म्हणजे पन्हाळ्याच्या भोजाच्या लांबच्या भाऊबंदांना! पण ते फार टिकलं नाही, कल्याणीचा चालुक्य राजा जयसिंह त्याच्या मागे लागला. गड बांधत बसण्याएवढा निवांतपणा त्याला इकडे मिळाला नाही.

राहिले कुंतीचे वडील. कुंती जन्माने शूर राजाची, वसुदेवाची बहीण, कुंतिभोजाने तिला दत्तक घेतली. इथे भोज हे एका माणसाचं नाव नाहीच, कुळाचं आहे. यादवांच्या शाखांपैकी भोज ही एक, कृतवर्मा भोज, कंसही भोज. आणि हे कुळ नुसतं पुराणातलं म्हणून सोडून देता येत नाही, कारण अशोकाच्या तेराव्या शिलालेखात त्याच्या राज्यातल्या लोकांच्या यादीत भोज आहेत, ऐतरेय ब्राह्मणात म्हटलंय की दक्षिणेकडच्या सत्वतांच्या राजांना अभिषेक झाला की त्यांना भोज म्हणतात, आणि कौटिल्याने तर काम आवरला नाही तर राजाचं काय होतं ह्याचं उदाहरण म्हणून दांडक्य नावाचा भोज दिलाय, ब्राह्मणाच्या मुलीवर नजर टाकली आणि राज्यासकट, नातेवाइकांसकट संपला. म्हणजे आधी कुळ आणि पदवी, मग पुढे कधीतरी ते माणसाचं सरळ नाव झालं.

विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको. रुक्मिणीला कृष्णाने नेलं, रुक्मी तिला परत आणू शकला नाही आणि तिला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही असं बोलून बसला होता, म्हणून त्याने वेगळं गाव वसवलं ते भोजकट. ही झाली कथा. पण अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याचा पाचव्या शतकातला ताम्रपट मिळाला आणि त्यात भोजकट राज्य हा प्रदेश म्हणून चक्क नोंदवलेला आहे. गोव्यातही साधारण चौथ्या ते सहाव्या शतकात भोज नावाचं घराणं होतं, चंद्रपूर म्हणजे आजचं चांदोर ही त्यांची राजधानी.

तर मिसळीचं बिल कोणी भरायचं ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : लहानपणी गोष्टींच्या पुस्तकात कालिदास भोज राजाच्या दरबारात असायचा, एकेका श्लोकाला लाख लाख मोहरा मिळायच्या. नातवाला सांगत होतो तर तो म्हणाला आजोबा, काळ जुळत नाही. खरंय का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : नातवाला एक बाकरवडीचा पुडा द्या, बरोबर बोलला. कर्नाटकात ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्तीने कालिदासाचं आणि भारवीचं नाव घेऊन स्वतःची त्यांच्याशी बरोबरी केलीय, तो लेख ६३४ चा, दुसऱ्या पुलकेशीच्या वेळचा. धारचा भोज त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी.

ही गडबड पसरवली ती मुख्यतः भोजप्रबंधाने. बल्लाळ नावाच्या पंडिताने सोळाव्या शतकाच्या आसपास लिहिलेला हा ग्रंथ, त्यात कालिदास, बाण, भवभूती, माघ सगळे भोजाच्या एकाच दरबारात गप्पा मारताना दिसतात. इतिहास म्हणून वाचलात तर डोकं धराल, पण गोष्टी म्हणून वाचा, झकास आहेत. सुरुवातीलाच काका मुंज छोट्या भोजाला मारायला पाठवतो, पोरगं मरायच्या आधी पानावर रक्ताने निरोप लिहून देतं की मांधाता गेला, राम गेला, युधिष्ठिर गेला, ही जमीन कोणाबरोबरच गेली नाही, काका, तुमच्याबरोबर मात्र नक्की येईल. असा टोमणा आठ-दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी घालणारा लेखक काय सामान्य असणार! मारेकऱ्यांनी पोराला लपवून ठेवलेलं असतं, मुंजाला पश्चात्ताप होतो आणि तो भोजाला गादी देऊन वनात जातो. इतिहासात मात्र मुंजाला कल्याणीच्या तैलप राजाने कैद करून मारला आणि त्याच्यानंतर गादीवर आला त्याचा भाऊ सिंधुराज, भोजाचे वडील. भोज त्याच्यानंतर.

एक गोष्ट नातवाला तुम्ही सांगा म्हणजे सामना बरोबरीत सुटेल. कालिदासाचा आणि भोजाचा संबंध आहे, पण तो कालिदासाच्या काव्यात. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरासाठी रघूच्या मुलाला, अजाला बोलवायला रघूकडे दूत पाठवतो तो तिचा भाऊ, विदर्भाचा राजा, आणि त्याला कालिदास नाव देतो भोज. धारचा भोज जन्मायच्या कित्येक शतकं आधी!

प्रश्न : 'कुठे राजा भोज अन् कुठे गंगू तेली' ह्यातला गंगू तेली कोण?
– वाचक, हडपसर

उत्तर : एक स्पष्टीकरण फार फिरतं, की गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, दोघांना भोजाने हरवलं म्हणून म्हण पडली. ऐकायला छान, पण तैलप ९९७ मधे वारला आणि भोज गादीवर आला १०१० च्या सुमाराला, मग हरवलं कोणाला? गांगेयदेवाशी भोजाची आधी दोस्ती आणि मग लढाई झाली हे खरंय, पण तेवढ्याने म्हणीतली दुसरी बाजू जमत नाही. मला विचाराल तर ही म्हण मोठा माणूस आणि साधा माणूस एवढ्यासाठीच आहे, प्रत्येक तेल्यामागे राजा शोधायची गरज नाही. पन्हाळ्यावर आणखी तिसरंच ऐकायला मिळेल, तिथे तटाचं बांधकाम टिकावं म्हणून गंगू नावाच्या तेलिणीचा बळी दिला अशी दंतकथा सांगतात. भोज बदलला, गंगूही बदलली, जोडी मात्र कायम.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय. 'राजा भोज, ज्याच्या घोडदळाला अरब घाबरायचे, ज्याने विमानाचा ग्रंथ लिहिला, ज्याच्या राज्यात शून्याचा लेख सापडला.' यातलं किती खरं?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : सगळं थोडंथोडं खरं आणि एकत्र केल्यामुळे खोटं. यात दोन भोज एका फोटोत बसवलेत.

घोडदळवाला आणि शून्यवाला हा कनौजचा प्रतिहार राजा मिहिर भोज, साधारण ८३६ ते ८८५. सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावावर ८५१ चा एक वृत्तांत आहे, त्यात जुर्झच्या म्हणजे गुर्जरांच्या राजाइतकं चांगलं घोडदळ हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नाही आणि अरबांचा इतका कट्टर शत्रूही दुसरा नाही असं म्हटलंय. तिथे राजाचं नाव दिलेलं नाही, पण काळ आणि प्रदेश बघून तो हाच असं धरतात. ह्या भोजाच्या नाण्यांवर वराह आणि 'श्रीमदादिवराह' अशी अक्षरं असतात. आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत कड्यात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे, तिथला ८७६ चा लेख त्याच्याच अमदानीतला. देवाला वाहिलेल्या जागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलांच्या माळा ५०, ह्या आकड्यांमधे आपण आज काढतो तसं गोल शून्य आहे. शून्याचा शोध इथे लागला असं नाही हां, पण तारीख असलेल्या भारतातल्या जुन्या शून्यांमधलं हे सगळ्यात प्रसिद्ध. राजाला बहुतेक त्याचा पत्ताही नसेल, फुलांचा हिशोब लिहिणाऱ्याने सहज काढलं असणार.

विमानवाला भोज दुसरा, आपला धारचा. समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, नगररचना, घरं, देवळं, मूर्ती, चित्रं सगळं त्यात येतं, आणि एका अध्यायात यंत्रं. त्यात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करायचा, पोटात पाऱ्याचं भांडं, खाली अग्नी, अशी वर्णनं आहेत. पण त्याच अध्यायात लेखक म्हणतो की यंत्रांची जुळणी मुद्दाम सांगितलेली नाही, गुप्त राहावी म्हणून, आपल्याला माहीत नाही म्हणून नव्हे. ह्यावर विश्वास ठेवायचा का ते तुम्ही बघा, मला तरी ते वाचून हसू येतं. पण फॉरवर्डवाल्यांना एक सांगावंसं वाटतं की ह्याच माणसाची खरी कामं इतकी मोठी आहेत की विमान लागतंच कशाला. योगसूत्रांवर राजमार्तंड ही टीका, काव्यशास्त्रावर शृंगारप्रकाश आणि सरस्वतीकंठाभरण, आणि भोपाळजवळ भोजपूरचं ते अर्धवट राहिलेलं प्रचंड शिवमंदिर. तिथे आजूबाजूच्या खडकांवर देवळाचे नकाशे आणि खांबांचे आराखडे कोरलेले अजून दिसतात, आणि दगड वर चढवायला केलेला मातीचा उतारही मागे तसाच राहिलाय. हजार वर्षांपूर्वीची साइट काम बंद पडलेल्या अवस्थेत बघायला मिळते! अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास लिहिताना धारचा आत्ताचा राजा म्हणून भोजदेवाचं नाव घेतलंय, त्यामुळे ह्या भोजाच्या काळाबद्दल शंकाच उरत नाही.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका, पर्सनलवर सांगा.

प्रश्न : मुलाचं नाव भोजराज ठेवायचंय, नवऱ्याला आवडलंय, सासूबाई म्हणतात असं नाव कोणी ठेवतं का. काही चांगलं-वाईट?
– एक होणारी आई, सिंहगड रोड

उत्तर : बिनधास्त ठेवा. चितोडच्या राणा सांगाचा मुलगा, मीराबाईचा नवरा, त्याचं नाव भोजराजच होतं. फक्त भागवतात कंसालाही भोजांचा राजा म्हटलंय, हे सासूबाईंना मामाच्या समोर कळू देऊ नका.

प्रश्न : पुण्याजवळ ह्या जुन्या भोजांची काही खूण बघता येते का? कशेळी, ग्वाल्हेर लांब पडतं.
– दोन वाचक, वारजे आणि निगडी

उत्तर : येते की, आणि ती पांडवगडापेक्षा हजारेक वर्षं जुनी आहे. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांत जा. चैत्यगृहाच्या पडवीतले घोडे-हत्तींचे खांब बघायला सगळे जातात, ते बघाच, पण तिथल्या पाण्याच्या टाक्यावर एक ब्राह्मी लेख आहे तो सहसा कोणी बघत नाही. सामडिनिका नावाच्या बाईने दिलेल्या दानाचा तो लेख. ती महाभोजाची मुलगी, स्वतः महारठिनी म्हणजे महारठी सरदारांच्या घरातली बाई, आपदेवणकाची बायको. म्हणजे माहेर महाभोजांचं आणि स्वतःची ओळख महारठींमधली, सातवाहन काळातली इकडची दोन मोठी घराणी एका बाईच्या ओळखीत एकत्र आलीत. तिचे वडील कोण ते लेखात नावाने येत नाही, फक्त पदवी. ह्या महाभोजांचा बाकीचा पसारा तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीजवळच्या कुडा लेण्यांत आहे, तिथे मांदव घराण्यातल्या महाभोजांचे लेख आहेत आणि बायकांना 'महाभोजी' अशी पदवीही लावलेली आहे.

बेडश्याला सकाळी लवकर जा, चैत्याचं तोंड पूर्वेला आहे, ऊन आत येतं आणि फोटोही चांगले येतात. पायऱ्या पावसात निसरड्या असतात, चपला नको, बूट घाला. टाक्याच्या काठावर वाकून लेख वाचायच्या नादात मोबाइल पाण्यात पाडू नका. आणि अक्षरांवर पाणी मारून, खडू घासून वाचायचा प्रयत्न अजिबात करू नका, लेख छापून झालेला आहे, वाचन हवं असेल तर आम्हाला लिहा, प्रत पाठवू.